कंपनी फिटिंग

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

विधानसभेचा निकाल. दुपारपासून मिरजकर तिकटीकडून हलगी ऐकू येतेय आणि गुलाल थेट आमच्या गॅलरीपर्यंत आलाय. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आज पांढरा सदरा घालून बाहेर पडणं म्हणजे धाडसच. या गडबडीत पुतण्या मोबाइल नाचवत आला. गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्डचा मेळा चाललाय, तिथे आज ‘गोअन क्लासिक ३५०’ बाहेर आली. एक्स-शोरूम २ लाख ३५ हजारांपासून. उंच चढलेलं हँडल, तरंगल्यासारखी दिसणारी एकट्याची सीट, मागची हवी तर लावा नाहीतर काढा, पांढऱ्या पट्ट्याचे टायर. रंगांची नावंही तशीच: शॅक ब्लॅक, पर्पल हेझ, ट्रिप टील, रेव्ह रेड.

“काका, ही आपल्या मेस्त्रींची गाडी की ओ! चोरली कंपनीनं.”

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींनी एका तालमीतल्या पोराची एनफिल्ड क्लासिक अशीच करून दिली होती, हे खरं. त्या गाडीमागे महिनाभर गल्लीतली पोरं फिरत होती, हेही खरं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी गॅरेजवर गेलो. मेस्त्रींची उमेदीची वर्षं उद्यमनगरात लेथवर गेली. दिवसभर कंपन्यांचे जॉब करायचे आणि सुट्टी झाली की स्वतःच्या हौसेचे. तेच लेथ, तेच हात. त्यामुळे चोरीच्या आरोपावर ते काय म्हणतात याची उत्सुकता होती.

त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि हसले. “आमचं कुठलं बघतील ओ सर? गोव्यातल्यांचं बघून केलंय. आमी बी त्यांचंच बघून केलं हुतं.”

गोव्यातल्यांनी कुणाचं पाहिलं, तर अमेरिकेचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तिकडच्या पोरांनी मडगार्ड कापून, जादा सामान उतरवून गाड्या हलक्या केल्या, त्या बॉबर. म्हणजे कंपनीने उचललं ते गोव्याकडून, गोव्याने कुणाच्या तरी आजोबांकडून. उघडउघड जाहिरातीतच कंपनी सांगते की गोव्यातल्या हौशी बनवाबनवीवरून ही गाडी सुचली, आणि नावातही गोवा ठेवलाय. चोर असं करत नाही.

मेस्त्रींचं बोट मात्र हँडलवर नव्हतं, चाकावर होतं. “तारांचं चाक आणि ट्यूबलेस! हे बघा.” तारेच्या चाकात प्रत्येक तारेसाठी रिमला भोक असतं आणि हवा तिथूनच निघून जाते, म्हणून आत ट्यूब लागते. हौशी मंडळी ती भोकं आतून सिलिकॉन नाहीतर टेप लावून बुजवतात. मेस्त्रींनीही केलं होतं, पण आंबोली घाटात गाडी बसली तर जबाबदारी कुणाची म्हणून सोडून दिलं. कंपनीने तीच मागणी ओळखून रिमच नीट घडवून आणलं. फोटो बघताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, थोडा हेवा होता.

१ डिसेंबर, रविवार

खरी कॉर्नरला कॅमेरा मानस्तंभाला हार. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा स्थापनादिन, १९१७. परदेशी यंत्र कसं चालतं ते बघून बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथेच स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला. त्यांच्याबरोबर काम सुरू केलेले आनंदराव १९१६ सालीच गेले होते, पुढच्या घडणीत सहकारी दामल्यांचा हात होता. १९२०ची ‘सैरंध्री’ त्यातूनच आली. तेव्हा आपण परदेशी कंपनीचं बघून केलं, आणि आजही त्या कॅमेऱ्याला हार घालतो. पुतण्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “ते वेगळं.” का वेगळं, ते सांगेना.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

तिळगूळ घेऊन पुतण्या आला आणि वाद पुन्हा सुरू. या वेळी मी हार्लेची गोष्ट काढली, कारण यात ती सगळ्यात बोलकी आहे.

साठच्या दशकात अमेरिकेतली पोरं हार्लेच्या जड गाड्यांचं सामान उतरवून पुढे हलका फोर्क बसवत. १९७१ साली विली जी. डेव्हिडसन या संस्थापकाच्या नातवाने कारखान्यातच मोठ्या इंजिनाच्या सांगाड्याला स्पोर्टस्टरचा पुढचा भाग जोडला आणि ‘सुपर ग्लाइड’ विकायला काढली. ज्या शेकडो पोरांनी आपापल्या शेडमध्ये हे आधी करून पाहिलं, त्यांना काय मिळालं? शोरूममध्ये आपलीच गाडी बघायला.

बिल डेव्हिसचं तसं झालं नाही. हा सेंट लुईसचा इंजिनिअर. त्याला जुन्या, मागे शॉकॲब नसलेल्या गाडीचं रूप आवडायचं, कंबर मात्र मोडून घ्यायची नव्हती. त्याने मागचं सस्पेन्शन नजरेआड लपवणारा सांगाडा तयार केला. हार्लेने त्याचे हक्क विकत घेतले आणि १९८४च्या मॉडेलांत ‘सॉफ्टेल’ आली. आजही हार्लेच्या यादीत ते नाव आहे.

खुद्द रॉयल एनफिल्डही यात जुनीच. लंडनच्या एस कॅफेवर जमणारी पोरं हँडल खाली, पायदान मागे घेऊन रस्त्यावर शर्यती लावत. रेडिचच्या कारखान्याने १९६५च्या सुमारास ‘काँटिनेंटल जीटी’ तशीच करून दिली.

“म्हणजे घेतातच की!” पुतण्या.

घेतातच. पण डेव्हिसकडे आराखडा होता, तो विकता आला. हँडल किती उंच ठेवायचं याचा हक्क कोण कुणाला देणार? आवड ही कुणाच्या नावावर लागत नाही. ती रस्त्यावर चालते की नाही हे हौशी माणूस स्वतःच्या पैशाने तपासून देतो आणि कंपनी निकाल लागल्यावर येते. मला खुपतं ते एवढंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुतण्याच्या मित्राला उंच हँडलबद्दल दंड झाला. गाडी साधी क्लासिक, हँडल बाहेरून लावलेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा ९ जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो की कंपनीने दिलेल्या मूळ नमुन्याहून आणि आरसी बुकातल्या नोंदीहून वेगळी गाडी करता येत नाही. त्याच उंचीचं हँडल शोरूममधून आलं तर पोलीस मामा कौतुकाने बघतील.

पोरगं चिडलंय. मी निम्मा त्याच्या बाजूने. उरलेला निम्मा मेस्त्रींनी वळवला. हँडल नुसतं वर घेऊन भागत नाही, म्हणाले. क्लचची केबल, ब्रेकचा पाइप, वायरिंग सगळं लांब लागतं. ॲक्सिलेटरची केबल आखूड राहिली तर हँडल पुरतं वळवलं की ती ताणली जाते आणि इंजिन आपोआप रेस होतं. कंपनीला हे सगळं चाचण्यांतून पास करून घ्यावं लागतं. गल्लीत तपासणारा एकच, मालक. चॅसी कापायला मेस्त्री कुणालाच होकार देत नाहीत. सायलेन्सरवाल्यांना तर दारातूनच परत पाठवतात, आणि रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांचे फोटो पेपरात आले की मलाही वाईट वाटत नाही.

२९ जून, रविवार

गावात प्रादाशिवाय विषय नाही. मिलानच्या २२ तारखेच्या त्यांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपला, कोल्हापूरचं नाव नाही. बोंब झाल्यावर कंपनीने पत्र लिहून मूळ मान्य केलं. चपलेमागे २०१९पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे, म्हणून आवाजाला वजन आलं. मेस्त्री म्हणाले, “आमच्या हँडलला कोण जीआय देतंय!” आणि पाना शोधायला वाकले.

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

२२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे यंदा दसऱ्याला बुलेटींची रांग होती. आज गॅरेजवर एक कोरी गोअन क्लासिक उभी, हाराची फुलंही नीट सुकलेली नाहीत. मालक पन्नाशीचे, गुळाच्या व्यापारातले. खांदे भरून येतात म्हणून हँडल खाली घ्यायचंय. बायकोला बसायला मागची सीट कायमची हवी, तिला पाठीला टेकू हवा. म्हणजे जवळजवळ साधी क्लासिकच करून हवी.

“मग साधीच का न्हाई घेतली मालक?”

“दिसायला ही भारी हाय की ओ.”

मेस्त्रींनी उतरवलेलं हँडल पुसून खिळ्याला टांगलं. दंड झालेल्या त्याच पोराने ते मागून ठेवलंय. कंपनीचं आहे, आता कोण अडवतंय, असं त्याचं म्हणणं. कलम ५२ मी त्याला पुन्हा समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मेस्त्रींना विचारलं, मंगळवारी येऊ का.