बैल कशासाठी हवा?

माझे वडील बैलांचे पारखी होते. आमचे गाव इंदापूर तालुक्यातले, नीरा डाव्या कालव्यावरचे. आसपासच्या पाचपंचवीस गावांत कुणाला खोंड घ्यायचा झाला, की तो माणूस आधी आमच्या ओट्यावर येऊन टेकायचा. वडील जनावराचा जबडा उघडून दात मोजीत. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, ते सांगत. मग वशिंड, खूर, शेपूट, अंगावरचे भोवरे. शेवटी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा. ही विद्या माझ्याकडे काही आली नाही. मी गावच्या दूधसंस्थेचा सचिव झालो आणि उभा जन्म दुधाचे फॅट मोजण्यात घालविला. जनावर पाहण्याचे डोळे वडिलांबरोबरच गेले, असे मी धरून चाललो होतो. ते डोळे सत्तरीनंतर आठवावे लागतील, आणि तेही मोबाईलमधल्या खोट्या जनावरांपायी, हे मात्र कुणा ज्योतिष्याने सांगितले नव्हते.

हल्ली मी बारामतीला मुलाकडे असतो. नात आठवीत आहे. तिला स्वतःचा फोन नाही; म्हणून फोन माझा आणि खेळ तिचा, अशी आमची वाटणी आहे. खेळाचे नाव पोकेमॉन गो. २०१६ च्या जुलैत तो परदेशात निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्याकडे रीतसर आला. हा खेळ बसून खेळता येत नाही, एवढा एक गुण मी त्याच्या पदरी आनंदाने घालतो. फोन घेऊन चालावे लागते. रस्त्यात चित्रविचित्र प्राणी दिसतात, ते चेंडू फेकून धरायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे. रोज संध्याकाळी कऱ्हेच्या काठाने पुढे नात आणि मागे मी, अशी आमची शिकार निघते.

प्रत्येक प्राण्याच्या डोक्यावर एक आकडा असतो. त्याला सीपी म्हणतात. म्हणजे लढण्याची ताकद. कुणाचा दहा, कुणाचा तीन हजार. मी पहिल्याच दिवशी सल्ला दिला, “मोठ्या आकड्याचे ठेव, बारक्या आकड्याचे सोडून दे. यात कसला आलाय विचार?”

नात हसली. म्हणाली, “आबा, त्या आकड्यात खुराक पण धरलेला असतो.”

मग तिने मला शिकविले. त्या एका आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली जात. मॅजिकार्प नावाचा एक मासा आहे. त्याला कितीही चारा, तो नुसता उड्या मारतो. मात्र ४०० कँड्या जमविल्या की त्याचाच ग्याराडोस नावाचा अक्राळविक्राळ नाग होतो. दुसरी गोष्ट पातळी. ती कँड्या आणि चांदणधूळ खर्चून वाढविता येते. हाच खुराक. आणि तिसरी गोष्ट जन्मगुण. हल्ला, बचाव आणि दम असे तीन गुण, प्रत्येकाला ० ते १५ गुणांक. त्याच्या ४०९६ तऱ्हा होतात. हे आकडे कितीही खुराक घातला तरी हलत नाहीत. परीक्षेचे बटण दाबले, की तीन पट्ट्या दिसतात. दोन प्राण्यांचा सीपी सारखा असेल. पण एक जन्माचा तगडा आणि उपाशी, तर दुसरा जन्माचा मध्यम आणि खाऊन माजलेला, असे होऊ शकते.

हे मला चटकन समजले, कारण या वाटेने मी एकदा ठेचकाळलो होतो. ऐन उमेदीत मी वीस लिटरची म्हणून एक संकरित गाय घेतली. वीस या आकड्यावर मी भाळलो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ असा पाया धरून भाव मिळतो. त्याखाली गेले की पैसे कापले जातात. माझ्या गाईचे फॅट तीनच्या वर चढेना. रोज शंभर जणांचे दूध ॲसिड घालून नळीत फिरविणाऱ्या सचिवाने स्वतःच्या गाईचे दूध मात्र लिटरने तोलले होते! वडील काही बोलले नाहीत. नुसते गाईकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिले.

तेव्हा यंदा मी शहाणा झालो होतो. सीपी पाहायचा नाही, पट्ट्या पाहायच्या. आणि अर्धवट शहाणपणाइतके घातक काही नाही, हे ज्या दिवशी मला कळले, तो दिवस आता सांगतो.

नात शाळेत गेली होती. खेळातली पिशवी भरल्याची सूचना आली. म्हटले, पोरीचे काम हलके करावे. एकेकाच्या पट्ट्या पाहत निघालो आणि एका निळ्या, धिप्पाड प्राण्याशी थांबलो. जात स्वॅम्पर्ट. सीपी १४९८. बचाव आणि दम जवळजवळ भरलेले, पण हल्ल्याची पट्टी पार कोरी! लढायला जायचे आणि हल्ला शून्य! त्यातून नातीने त्याचे नाव ठेवले होते ‘चिखल्या’. नावातच काय ते आले, असे मला वाटले. प्राणी नको असेल तर तो खेळातल्या प्रोफेसरांकडे पाठवितात. बदल्यात एक कँडी मिळते. खरेच पाठवायचा का, असे खेळाने विचारले. मी ‘हो’ दाबले.

संध्याकाळी नातीने फोन उघडला. “आबा, माझा चिखल्या कुठंय?”

मी सांगितले. ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन अभ्यासाला बसली. दोन दिवस आमची शिकार बंद.

तिसऱ्या दिवशी तिने वहीचे मागचे पान उघडून मला समोर बसविले. या खेळात एका स्पर्धेला १५०० सीपीची मर्यादा आहे. त्याहून मोठा प्राणी तिथे चालत नाही. आणि सीपी काढताना हल्ल्याचा आकडा गुणाकारात पुरता धरतात. बचाव आणि दम यांची मात्र वर्गमुळे. म्हणजे हल्ला सीपी फार खातो. तो जन्मतः कमी असेल, तर त्याच १५०० च्या आत प्राण्याला पातळी वाढवून घेता येते आणि तो जास्त वेळ टिकतो. हल्ला शून्य म्हणजे काही दुबळा नव्हे. जातीचे मूळचे २०८ त्याच्या पदरी असतातच. “त्या स्पर्धेसाठी चिखल्या माझा सगळ्यात चांगला होता, आबा.”

मला कुस्तीतले वजनगट आठवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले ते ५७ किलोच्या गटात. त्या गटात एकेक किलो कामाचा असावा लागतो. वायफळ वजन घेऊन उतरता येत नाही.

“फरक तसा थोडासाच असतो,” ती म्हणाली, “पण भिगवणला सापडलेला होता ना तो.”

मग माझ्या ध्यानात आले. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर आम्ही रोहित पक्षी पाहायला गेलो होतो, तेव्हा तिने तो लहान असताना धरला होता. त्याला मोठा करायला आधी २५ आणि मग १०० कँड्या लागतात. तो सोबती म्हणून घेतला, तर तीन किलोमीटर चालल्यावर एक कँडी मिळते. कऱ्हेकाठची ती सारी रपेट त्याच्यासाठी होती. ती चाल मीही चाललो होतो आणि मला ठाऊक नव्हते.

तेव्हा मी तिला वडिलांची गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक ओट्यावर टेकले, की दात मोजण्याच्याही आधी वडील एक प्रश्न विचारीत, “बैल कशासाठी हवा?” मोटेला हवा, तर अंगाने जड आणि स्वभावाने शांत. गाडीला हवा, तर खूर घट्ट. शर्यतीला हवा, तर सडपातळ आणि तापट. मोटेला जो उत्तम, तो शर्यतीत कुचकामाचा. उत्तर मिळेपर्यंत ते जनावराला हात लावीत नसत. दात, खूर, वशिंड मला पाठ होते. हा पहिला प्रश्न तेवढा मी विसरलो होतो. गाय घेताना विसरलो आणि चिखल्याला पाठवितानाही.

नातीने विचारले, “पणजोबांना हे कुणी शिकवलं?”

“बैलांनी,” मी म्हणालो.

परवाच्या रविवारी आम्ही एस.टी.ने भिगवणला जाऊन आलो. पक्षी अजून आले नव्हते. चिखल्याच्या जातीचेही कुणी दिसले नाही. तासाभरात हाती लागला तो एक मॅजिकार्प, सीपी १०. यापेक्षा कमी आकडा या खेळात नसतोच. तिन्ही पट्ट्या जेमतेम. नातीने माझी परीक्षा पाहिली. “आबा, पाठवू का याला?”

“आधी सांग,” मी म्हणालो, “कशासाठी हवा?”

तिने थोडा विचार केला. “आपण इथं आलो होतो, त्याच्या आठवणीला.”

आणि तिने त्याच्यावर चांदणी लावली. चांदणी लावलेला प्राणी पाठविता येत नाही, हे तिने परतीच्या गाडीत मला दोनदा सांगितले.