आवाज फुटतो तेव्हा

खडू आणि गळा ही शिक्षकाची दोनच हत्यारे. पहिले झिजले, तर शाळेच्या कपाटातून नवे मिळते. दुसऱ्याची तशी सोय नाही. पस्तीस वर्षे साठ-साठ मुलांच्या वर्गांत बोलत आल्यामुळे या दुसऱ्या हत्याराविषयी मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे.

कंठातील स्वरयंत्रात दोन मऊ, ओलसर घड्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. नाव थोडे फसवेच. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने त्या थरारतात आणि नाद उमटतो. साध्या बोलण्यातही पुरुषाच्या कंठात त्या सेकंदाला शंभराहून अधिक वेळा, तर स्त्रीच्या कंठात सुमारे दोनशे वेळा एकमेकींवर आदळतात. आपण ओरडतो, तेव्हा हा आघात अधिक जोराचा होतो, घड्या सुजतात आणि आवाज बसतो. खडीसाखर व ज्येष्ठमध यांनी घशाला बरे वाटते खरे. परंतु गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत उतरतो, स्वरतंतूंना शिवतही नाही. त्यांना हवे असते पाणी आणि विसावा. कुजबुजणे हा विसावा नव्हे. त्याने पुष्कळांचा कंठ उलट आवळला जातो. त्यापेक्षा मौन बरे. तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

मुलांनो, तुमच्या वयात तर हा कंठ बदलत असतो. मुलग्यांचे स्वरयंत्र या वयात झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन स्वरच. याला आपण 'आवाज फुटणे' म्हणतो. वास्तविक येथे फुटत काहीच नाही.

आमच्या शाळेत एक मुलगा पाचवीपासून रोज प्रार्थना सांगत असे. १९९४ च्या पावसाळ्यात, तो आठवीत असताना, एके दिवशी वरच्या षड्जावर त्याचा आवाज चिरकला. रांगांतून हशा पिकला. दुसऱ्या दिवशी त्याने तोच स्वर रेटून लावला. आठवडाभरात त्याला धड बोलताही येईना. "सर, माझं गाणं संपलं का?" हे त्याने विचारले ते घोगऱ्या आवाजात, खाली मान घालून.

आमच्या संगीतशिक्षकांनी त्याला पेटीपुढे बसवले. वरचे स्वर वर्षभर गळ्याने नव्हे, बोटांनी काढायचे. सकाळी थोडा वेळ ओठ मिटून, सहज झेपेल अशा खालच्या स्वरात गुणगुणायचे, एवढीच आज्ञा. कुमार गंधर्वांची हकीकतही त्यांनी त्याला सांगितली. क्षयाची बाधा झाल्यामुळे ते १९४८ साली देवासला जाऊन राहिले. कित्येक वर्षे गाणे बंद होते. पुढे ते पुन्हा गाऊ लागले, ते एका फुप्फुसाच्या बळावर. आखूड दमाला साजेशी निराळीच गायकी त्यांनी उभी केली. मुलगा ऐकत होता. त्याला पटले की नाही, ते चेहऱ्यावरून कळत नव्हते.

दहावीत त्याने पुन्हा प्रार्थना सांगितली. पट्टी मात्र काळी चारवरून काळी एकवर आली होती, आणि पाचवीतल्या चिमण्या गळ्यांना ती काही केल्या सापडत नव्हती.