भांडायचं तरी कुणाशी?

वस्तू बिघडण्याचं आम्हाला कौतुक नाही. आमच्या पिढीच्या घरात एखादी वस्तू धड चालली तर ती बातमी असे. नवीन आहे ते एवढंच, की बिघडल्यावर भांडायचं कुणाशी हे कळत नाही.

तेव्हा वळसंगहून विजेवरचं काही घ्यायला जायचं ते सोलापूरला, आणि सोलापूर म्हणजे नवी पेठ. दोन-तीन दुकानं नुसतीच हिंडायची आणि मग एकात टेकायचं. "गाव कुठलं, अण्णा?" इथून सौदा सुरू होई. वळसंग म्हटलं की मालक गावातलं कुणीतरी ओळखीचं काढायचा, मग चहा सांगायचा आणि भाव सगळ्यात शेवटी. चहा पोटात गेलेला माणूस घासाघीस करताना जरा दबतो, हे त्याला पक्कं ठाऊक. थर्माकोलमधून काढलेला टीव्ही दुकानातच लावून दाखवला जाई. शाई वाळलेल्या शिक्क्यावर मालक 'हाऽ' करून तोंडाची वाफ देई आणि गॅरंटी कार्डावर तो दाबून उमटवी. ते कार्ड घरी सोन्याच्या पावतीशेजारी जाई. टीव्हीला हळदकुंकू, हार आणि नारळ. मग एकजण पत्र्यावर अँटेना फिरवणार, एकजण खिडकीतून ओरडणार, "आलं, आलं... गेलं!"

आता खोकं दारात येतं. पोरगा ओटीपी विचारतो आणि आपलं 'पाणी घेता का' पुरं होईपर्यंत गाडी वळवतो. नारळाआधी खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढायचा, कारण उद्या पुरावा आपणच द्यायचा असतो. आमच्या टीव्हीच्या पडद्यावर थोड्याच दिवसांत उभी रेघ आली. विक्रेत्याच्या चॅटवर कुणीतरी अतिशय सभ्य भेटलं. त्याला आमची अडचण समजली, तिचं वाईटही वाटलं, आणि मग त्यानं अडचण काय आहे ते विचारलं. फोटो पाठवला, व्हिडिओ पाठवला, मागच्या बाजूचा नंबर टिपून पाठवला. उत्तर आलं की आपल्या भागात तंत्रज्ञ उपलब्ध नाही. टीव्ही मात्र याच भागात बिनचूक पोचला होता. पुढचा मेसेज तक्रार निकाली निघाल्याचा, आणि त्याखाली, सेवेला किती तारे द्याल?

नवी पेठ गोड वाटते ती लांबून, हेही खरं. बिल मागितलं की "टॅक्स पडेल" म्हणत आणि आम्हीही खुशीत कच्च्या चिठ्ठीवर भागवत असू. मग गॅरंटी कार्डाला काय अर्थ! दुरुस्तीला टाकलेला सेट सुतळीनं चिठ्ठी बांधून फळीवर बसे. "पार्ट पुण्याहून यायचाय, सोमवारी या." तो पार्ट बहुधा पायी निघालेला असे. त्याआधीच्या काळात तर नुसता रेडिओ ऐकायला परवाना लागे. पोस्टात वर्षाचे 15 रुपये भरायचे. 1980च्या दशकात तो जाच संपला.

आणि गाव विचारण्यातला तो जिव्हाळा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नव्हता. गावानंतर आडनाव विचारलं जाई, आणि आडनाव कळल्यावर कुणाचा चहा येई, कुणाचा राहून जाई. दलितांच्या विहिरीसाठी डॉ. आंबेडकर ज्या गावात आले, त्या वळसंगच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. मोबाइल फक्त पिनकोड विचारतो. त्याचं थंडपण काहींना सुखाचं वाटत असेल, तर त्यांना नावं कशी ठेवणार?

कागदावर तर आम्ही आजच्याइतके बलवान कधीच नव्हतो. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा आला; आम्ही तो पेपरात वाचला आणि घडी घातली. आता 2020चे ई-कॉमर्स नियम सांगतात की तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात झालं पाहिजे. विक्रेता देशात कुठंही बसलेला असो, नव्या कायद्यानं आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते.

पण आयोग हे भांडण नव्हे. भांडण म्हणजे दिवाळीच्या गर्दीत, चार गिऱ्हाइकं समोर असताना, बिघडलेला सेट काउंटरवर आदळणं. "हळू बोला मालक, लोक बघायलेत," असं म्हणत दुकानदार स्टूल पुढं सरकवायचा. आमचा आवाज चढायचा, त्याचा उतरायचा, मध्ये चहा यायचा. सेट दुरुस्त होईलच याची खात्री नसायची. राग मात्र तिथंच सांडून आम्ही रिकाम्या डोक्यानं एसटीत बसायचो. टाइप करून राग जात नाही. उलट स्पेलिंग सुधारणाऱ्या मोबाइलचाही येतो.

शेवटी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. एक बाई मराठीत बोलल्या, खरोखरच्या, मागं कुणाचा तरी खोकला ऐकू येत होता. त्यांनी आमचं नाव घेतलं, टीव्हीची किंमत घेतली आणि विचारलं, "विक्रेता कुठल्या गावचा?"

बिलाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत पत्ता होता. तो वाचायला चष्मा शोधेपर्यंत बाई फोन धरून थांबल्या.