भाच्याचा पंप आणि आमची सही

२०२३ सालच्या फेब्रुवारीतील एका रविवारी, सकाळचा मिस्सा आटोपून आम्ही नुकतेच घरी परतलो होतो, तोच सुरतेहून आमचा भाचा दारात येऊन उभा राहिला. मागे त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण. चहा झाला, केळी-फुलांच्या भावाची चौकशी झाली आणि मग भाच्याने पिशवीतून एक फाईल काढून आमच्यापुढे ठेवली. "मामा, तुम्ही फक्त सही करा. बाकी सगळे मी बघतो," तो म्हणाला.

त्या 'फक्त' शब्दाने आमचे मन सावध झाले. आम्ही जन्मभर शाळेत अंकगणित शिकवले. ज्या उदाहरणात 'फक्त' येते, त्यातच मुले हटकून चुकतात, असा आमचा अनुभव आहे.

भाचा नऊ वर्षांपूर्वी सुरतेस गेला. प्रथम एका ठेकेदाराकडे देखरेखीचे काम केले. पुढे स्वतः लहान-लहान ठेके घेऊ लागला. कोणाचा स्लॅब भरून द्यावा, कोणाच्या गटाराच्या भिंती उभ्या कराव्यात, कोठे सोसायटीचा काँक्रीटचा रस्ता करावा. काँक्रीट वर चढविण्याचा पंप तो भाड्याने आणी. आता त्याला स्वतःचा पंप घ्यावयाचा होता. यंत्राची किंमत १६ लाख. चार लाख त्याच्या गाठीला होते, बारा लाखांचे कर्ज काढावयाचे होते. दोन दिवसांत पैसे देणारी एक वित्त कंपनीही त्याला भेटली होती. तिला केवळ जामीनदाराची सही आणि तारण म्हणून आमच्या वाडीचे कागद हवे होते.

वाडी म्हणजे वडिलांनी मागे ठेवलेला वसईच्या पश्चिम पट्ट्यातील केळी आणि मोगऱ्याचा तुकडा. आमच्या घरात अशी एक सही पूर्वी होऊन गेली होती. सत्तरीच्या दशकात वडिलांनी एका नातलगाच्या मालमोटारीसाठी जामीनकी पत्करली. मोटार वर्षभर धावली आणि मग उभी राहिली. वसुलीचा माणूस मात्र आमच्या दारी आला. वडिलांनी पाच गुंठे विकले आणि शब्द राखला. पण बहिणीच्या लग्नासाठी जमविलेली पुंजीही त्यातच गेली, आणि तिचे लग्न तीन वर्षे लांबले. आज तीच बहीण मुलासाठी आमच्यापुढे बसली होती. ती काही बोलत नव्हती. नुसती आमच्या हाताकडे पाहत होती.

आम्ही सही केली नाही. "आधी आम्ही सुरतेस येऊन काम पाहतो," एवढेच म्हणालो. बहीण उठली आणि न जेवता गेली. त्यानंतर दोन महिने तिने आमच्या घराची पायरी चढली नाही.

मार्चमध्ये आम्ही सौभाग्यवतींसह सुरतेची गाडी धरली. भाच्याची खोली उधना भागात आहे. उधना आणि लिंबायत येथे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे एवढी आहेत, की भाजी घेताना आम्हांला गुजराती बोलण्याची गरजच पडली नाही. पहाटे कडियानाक्यावर दाहोद, झाबुआ, नंदुरबारकडची माणसे कामाची वाट पाहत उभी असतात. शहर तर चहूकडे बांधणेच चालू आहे. मेट्रोच्या दोन मार्गांचे काम २०२१ साली सुरू झाले. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे खांब अंत्रोलीच्या शेतांतून उभे राहत होते. त्या रेल्वेचा ४० मीटर लांबीचा एकेक काँक्रीटचा गाळा ९७० टन वजनाचा असतो, असे भाच्याने मोठ्या कौतुकाने सांगितले. एवढी कामे पाहून तरुण माणसाला वाटणारच, की यंत्र घेतले म्हणजे ते बारा महिने चालेल. मोठ्या कामाच्या छायेत उभे राहिले, की आपलीही उंची वाढल्यासारखी वाटते.

दुसऱ्या दिवशी वेसू भागात एका इमारतीचा तिसऱ्या मजल्याचा स्लॅब भरताना पाहिला. आमच्या तरुणपणी घमेल्यांची साखळी लागे. माणसामागे माणूस शिडीवर उभा राही. येथे गोल पिंप फिरवीत काँक्रीटची गाडी येते, माल पंपाच्या हौदात ओतते आणि पंप तो पोलादी पाईपातून वर ढकलतो. वर दोघे रबरी नळी धरतात, एक व्हायब्रेटर चालवितो. घाई अशासाठी, की तयार माल गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामा झाला पाहिजे, आणि स्लॅब मध्येच थांबवला तर जुन्या-नव्या मालात कच्चा सांधा राहतो. काम संपताच पाईप धुतले नाहीत, तर माल आतच घट्ट होतो आणि पाईप भंगारात जातो. पंप आवश्यक आहे, यात आम्हांला शंका उरली नाही. प्रश्न एवढाच होता, की तो आपल्या मालकीचा असणे आवश्यक आहे काय?

रात्री भाच्याच्या खोलीत आम्ही वही मागितली. पहिले गणित व्याजाचे केले. वित्त कंपनीचा दर ८ टक्के. एका सहकारी बँकेने ११ टक्के सांगितला होता. भाचा म्हणाला, "मामा, आठ स्वस्त, हे तर पोरही सांगेल." पण कंपनीचे ८ टक्के 'फ्लॅट' होते, म्हणजे चारही वर्षे व्याज पूर्ण बारा लाखांवर. वर्षाला ९६ हजार, चार वर्षांचे ३ लाख ८४ हजार. मुद्दल मिळवून ४८ महिन्यांनी भागले, की हप्ता ३३ हजार. दोन वर्षांनी सहा लाख मुद्दल परत गेलेले असते, तरी व्याज बारा लाखांवरच चालू. बँकेचे ११ टक्के उरलेल्या शिलकेवर होते. तिचा हप्ता ३१ हजारांच्या थोडा वर बसला. महिन्याला दोन हजारांचा फरक, चार वर्षांत सुमारे ९५ हजारांचा. कंपनीचे आठ बँकेच्या हिशेबाने मोजले, तर १४ टक्क्यांच्याही वर जातात. वाचकहो, कर्ज घेताना दर विचारू नका. हप्ता किती आणि किती महिने, हे विचारा आणि गुणाकार घरी करा.

दुसरे गणित दिवसांचे. भाच्याने आपल्या उत्तम महिन्याचा हिशेब धरला होता: १८ दिवस काम, दिवसाला ९ हजार पंपभाडे, म्हणजे १ लाख ६२ हजार. ते वाचले म्हणजे हप्ता हसत फिटेल, असे त्याचे म्हणणे. आम्ही त्याची जुनी पावतीपुस्तके काढावयास लावली. आठ कोरड्या महिन्यांत सरासरी ११ दिवस आणि पावसाच्या चार महिन्यांत ३ दिवस, असे वर्षाचे १०० दिवस भरले. म्हणजे भाडे वर्षाला ९ लाख. आता स्वतःचा पंप: हप्ता ३१ हजार, चालक व मदतनीस यांचा पगार ४० हजार, झिजणारे पाईप, दुरुस्ती व विमा मिळून १५ हजार, महिन्याला ८६ हजार, वर्षाला १० लाख ३२ हजार. डिझेल दोन्हीकडे सारखेच. मालक होण्यासाठी वर्षाला १ लाख ३२ हजार अधिक मोजावे लागणार होते. चार वर्षांनी पंप ऋणमुक्त होतो, हे खरे. पण ती चार वर्षे तगून निघावयास हवीत ना?

तिसरी गोष्ट वहीत न मांडता येणारी. भाच्याची बिले दोन-दोन, तीन-तीन महिने थकत आणि प्रत्येक बिलातून मुख्य ठेकेदार काही भाग काम टिकल्याची खात्री म्हणून अडकवून ठेवी. हप्त्याची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही. शिवाय, सुरत हे तापीकाठचे शहर. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याखाली शहराचा बहुतांश भाग बुडाला होता. २०२० साली टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबविण्याची मुभा दिली, तेव्हा अनेकांना वाटले की कर्जच थांबले; हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते.

भाचा गप्प झाला. मग काहीशा रागाने म्हणाला, "म्हणजे गरिबाने कायम भाड्याच्या यंत्रावरच राहायचे?" प्रश्न योग्य होता आणि तो आम्हांला लागला. कर्ज हेच पाप, असे आम्ही कधीही मानले नाही. ज्या सुरतेत आम्ही बसलो होतो, तेथे सतराव्या शतकात विरजी व्होरा नावाचा व्यापारी साक्षात इंग्रजांच्या कंपनीला कर्जे देत असे. व्यापार उधारीवरच उभा राहिला. आणि आपल्या वसईत तर १९१८ साली मोन्सेन्यर पी. जे. मोनीस यांनी पतपेढी काढली, जी आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून आपण ओळखतो. हेतू हाच, की शेतकऱ्याला सावकाराच्या दारी न जाता रास्त व्याजाने पैसा मिळावा. त्यापूर्वी जर्मनीत राइफआयझेन नावाच्या एका ग्रामप्रमुखाने हाच मार्ग दाखविला होता आणि १९०४ साली आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. या साऱ्यांमागे एकच साधी कल्पना होती: कर्ज देणाऱ्याने घेणाऱ्याचे काम ओळखावे आणि कर्ज त्या कामातूनच फिटावे. जे कर्ज कामातून फिटणार नाही, म्हणून देणारा आधीच आपल्या वाडीकडे बोट दाखवितो, ते कर्ज यंत्रासाठी नसते, वाडीसाठीच असते.

तोपर्यंत सौभाग्यवती कोपऱ्यात भाकऱ्या भाजीत होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "अरे, वर्षाच्या ३६५ दिवसांतले शंभर दिवस तुझे. उरलेले दिवस पंप काय करणार? दुसऱ्याला दे की भाड्याने."

आम्ही अंकगणिताचे मास्तर, पण हे उदाहरण त्यांनी सोडविले. १ लाख ३२ हजारांना ९ हजारांनी भागले. पंधरा दिवसांचे काम भरते. म्हणजे आणखी पंधरा दिवस पंप दुसऱ्यांच्या कामावर गेला, की मालकीचा खर्च भाड्याएवढा होतो. त्यापुढचा प्रत्येक दिवस कमाईचा. आम्ही भाच्यास सांगितले, "पंधरा नव्हे, वीस दिवस लिहून आण. बँकेचेच कर्ज घे आणि तारण यंत्राचेच ठेव. पावसाळा जाऊ दे. आणि सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेव. मग आमची सही."

ही अट सोपी नव्हती. भाचा पुष्कळ फिरला. ओळखीच्या दोन ठेकेदारांनी मिळून वर्षाला २४ दिवसांचे पत्र दिले. सहा हप्त्यांसाठी १ लाख ८६ हजार हवे होते. त्यातले एक लाख आम्ही आमच्या निवृत्तीच्या पैशांतून दिले आणि ते मुदतठेवीत घातले. बँकेने तीन वर्षांची विवरणे, कामांची पत्रे, बँकखात्याचे उतारे, सारे मागितले. भाच्याला त्याचा कंटाळा आला. आम्हांला मात्र समाधान वाटले. जो फार प्रश्न विचारतो, तोच आपल्या कामाचा विचार करीत असतो. पंप ऑक्टोबरात आला.

आम्ही सही केली ती जामीनदार म्हणून, वाडीचे कागद न देता. पण वाडी दिली नाही, म्हणजे आपण सुटलो, असे कोणी समजू नये. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. करारात वेगळे लिहिले नसेल, तर कर्जदार थकताच सावकार थेट जामीनदाराकडे येऊ शकतो. 'नावापुरता जामीन' नावाची वस्तू जगात नाही. सही करण्याची वेळ येईल, तेव्हा हे कर्ज आपणच घेतो आहोत, असे समजून कागद वाचावा. तसे समजून सही करवत नसेल, तर प्रेमाने नाही म्हणावे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला आपण देवळात कितीदा तरी ऐकतो. तो बांधणाऱ्यासाठी आहे, तसाच त्याच्या मामासाठीही आहे.

बहिणीचे काय झाले, असे वाचक विचारतील. सुरतेहून परतल्यावर आम्ही ती वही घेऊन तिच्या घरी गेलो आणि सारी गणिते तिच्यापुढे मांडली. तिने ती शांतपणे ऐकली. शेवटी म्हणाली, "दादा, बाबांनी त्या मोटारीचा असा हिशेब कधी मागितला होता?" आम्ही म्हणालो, "नाही. त्यांना भिडेखातर विचारता आले नाही." ती उठली आणि आमच्यासाठी जेवणाचे ताट घेऊन आली.

आज निम्म्याहून अधिक हप्ते फिटले आहेत. गेल्या पावसाळ्यात एकदा बिल अडले आणि दोन हप्ते त्या मुदतठेवीतून द्यावे लागले. दिवाळीनंतर भाच्याने ते परत भरले. दर महिन्याच्या सात तारखेला हप्ता गेल्याचा त्याचा निरोप येतो. तो येईपर्यंत त्या दिवशी आमचे चित्त ठिकाणावर नसते, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. निरोप आला, की आम्ही वहीत एक रेघ ओढतो आणि वाडीत मोगऱ्याला पाणी सोडावयास जातो.