ओढ्यापलीकडची छत्री

आमच्या गावात शिरताना देवळाच्या कळसाआधी दिसतात त्या छत्र्या. पावसाच्या नव्हे, टीव्हीच्या. डिश हा शब्द आता सगळ्यांना येतो, पण बायका अजून छत्रीच म्हणतात. पत्र्यावर, माळवदावर, पाण्याच्या टाकीशेजारी, एके ठिकाणी तर गोठ्याच्या मेढीला तारेनं आवळलेली. घरांची तोंडं चार दिशांना, पण छत्र्यांची सगळी आग्नेयेकडं. कारण साधं आहे. हे उपग्रह विषुववृत्तावर, जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीच्या गतीनंच फिरतात, म्हणून खालून एका जागी थांबल्यासारखे वाटतात. आणि आपल्याकडं ज्यांच्यावरून टीव्ही दिसतो ते महाराष्ट्राच्या दक्षिण-पूर्व अंगाला पडतात. आमच्या गावाचं यात्रेच्या वर्गणीवरसुद्धा कधी एकमत झालं नाही. छत्र्यांचं मात्र झालं.

या छत्र्यांना नावं ठेवणारे पुष्कळ. यात्रेला पुण्या-मुंबईहून आलेले पाव्हणे ठेवतात, गावातले जुने जाणतेही ठेवतात. "ह्या छत्र्यांनी गाव मोडलं बघ. पारावर आता कुत्रंसुदीक बसत न्हाई." मी ऐकून घेतो. पार होता हे खरं, रात्री माणसं तिथं बसत हेही खरं. पण पारावर कोण बसायचं आणि पाराला वळसा घालून कोण जायचं, हेही कुणीतरी सांगायला पाहिजे. आमची वस्ती ओढ्यापलीकडची. तिथून छत्रीकडं बघितलं की ती जरा वेगळी दिसते.

मुळात उपग्रहावरचा टीव्ही आपल्या देशात पहिल्यांदा आला तो शहरांसाठी नव्हेच. १९७५-७६ मध्ये वर्षभर एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह, आपल्या इस्रोची माणसं, आणि सहा राज्यांतली २,४०० खेडी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, तिच्याखाली गावाचा एक सामायिक टीव्ही. शेती, आरोग्य, शाळा असं काय काय दाखवायचे. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्याकडं टीव्ही आला तो नंतर, आणि तो सामायिक म्हणून आला नाही. तो कुणाच्या तरी घरात आला.

१९८४ साली देशभर दूरदर्शनची लहान लहान प्रक्षेपण केंद्रं धडाक्यानं उभी राहिली आणि आमच्या माणदेशातही बांबूवर ॲल्युमिनियमच्या काड्या दिसायला लागल्या. गावात पहिला टीव्ही वरच्या आळीतल्या एका घरात. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी साडेनऊला गावातली भांडणंसुद्धा थांबायची. त्या घरी टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. माणसं आंघोळ करून यायची. माजघरात घरचे, सोप्यात भावकी, ओट्यावर बाकीचा गाव. आम्ही ओढ्यापलीकडचे बाहेर, खिडकीशी. आम्हाला कुणी "आत येऊ नका" म्हटलं नाही. "या" असंही कुणी म्हटलं नाही. ज्याची त्याची जागा ज्याला त्याला ठाऊक होती.

खिडकीला उभे गज. पुढं उंच माणसं, मागं बायका, बायकांच्या काखेत पोरं. आई सकाळी भाकऱ्या थापून, शेण काढून, धावत यायची आणि डाव्या कोपऱ्यातला गज धरून उभी राहायची. तिथून टीव्हीचा उजवीकडचा भाग कपाटाच्या आड जायचा. हनुमान डावीकडून आला तर दिसायचा, उजवीकडून आला तर नुसता ऐकू यायचा. आत कुणी पाणी प्यायला उठलं की तेवढा वेळ लंकाही दिसायची नाही. तास-पाऊण तास उभं राहून तिचे पाय भरून यायचे. परत ओढा ओलांडताना बायका एकमेकींना विचारायच्या, "तुला काय दिसलं?" एकीला धनुष्य दिसलेलं, दुसरीला सीता. ओढा संपेपर्यंत त्या सगळ्या मिळून एक भाग पुरा करायच्या.

पुढं थोरल्या भावानं तालुक्याच्या बाजारातनं जुना चौदा इंची टीव्ही आणला. दूरदर्शनच दिसायचं, तेही मुंग्या आल्यासारखं. वडील 'आमची माती आमची माणसं' बघायचे आणि द्राक्षबागेचं फवारणीचं वेळापत्रक लक्षपूर्वक ऐकायचे. आमच्याकडं दीड एकर कुसळं येणारी जमीन. मी विचारलं, "दादा, आपल्याला काय करायचंय द्राक्षाचं?" ते म्हणाले, "ऐकायला काय पैसं पडत्यात?"

त्याच सुमाराला केबल आली. १९९२ नंतर तालुक्याच्या गावात घमेल्यासारख्या भल्या मोठ्या छत्र्या उभ्या राहिल्या. एक माणूस छत्री लावायचा आणि घरोघर वायर ओढून महिन्याला पैसे घ्यायचा. दोन-चार वर्षांत ती वायर आमच्या गावात पोचली. बाजारपेठ, पाटील आळी, सुतार आळी करत ओढ्याच्या काठापर्यंत आली आणि थांबली. भाऊ विचारायला गेला. केबलवाला म्हणाला, "तिकडं चार घरांसाठी एवढी वायर कोण वडणार? आन् मधी ज्यांच्या भिंती हायत ते खिळा मारू देत न्हाईत." त्याचा धंदा होता, त्यानं त्याचं गणित सांगितलं. पण तेव्हा मला कळलं की वायर ही पाऊलवाटेसारखीच असते. तिला दुसऱ्याच्या भिंतीवरून जावं लागतं, आणि भिंतीचा मालक काय म्हणेल ते तो म्हणेल.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं स्वतःची डिश सेवा सुरू केली. तेव्हा डीडी डायरेक्ट, आता फ्री डिश. एकदा छत्री आणि डबा विकत घ्यायचा, महिन्याला काही द्यायचं नाही. आमच्या वस्तीत पहिली छत्री आमच्याच पत्र्यावर बसली, २००६ च्या उन्हाळ्यात. आईनं शेळी विकली होती, त्यातले पैसे. बसवणारा पोरगा तालुक्याहून मोटारसायकलवर आला, पाठीला छत्री बांधून. लांबून तो ढाल घेतलेल्या मावळ्यासारखा दिसत होता. पत्र्यावर चढून तो छत्री हळूहळू फिरवायचा आणि खाली ओरडायचा, "आलं का?" आम्ही दारातनं ओरडायचो, "न्हाई! थोडं... आलं, आलं! गेलं!" अर्धी वस्ती गोळा झालेली. बोटभर इकडंतिकडं झालं तरी चित्र जायचं. शेवटी सह्याद्री वाहिनी लागली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. आई पत्र्याकडं बघून म्हणाली, "ह्याला कुणाच्या भितीवरनं जावं लागलं न्हाई बघ."

वर्षभरात ओढ्यापलीकडं नऊ छत्र्या झाल्या. रविवारी वरच्या आळीच्या खिडकीशी जाणं तर कधीच थांबलं होतं, पण आता ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता तेही आमच्याकडं येऊन आत बसू लागले. आई प्रत्येकाला "ये, आत ये, पुढं बस" म्हणायची. जरा जास्तच म्हणायची.

आक्काची गोष्ट याच छत्रीला जोडलेली आहे. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. भावजी कोईमतूरला गलाईच्या दुकानात कामाला. आक्का लग्न होऊन तिकडं गेली आणि मुकी झाली. शेजार तमिळ, बाजार तमिळ, केबलवर तमिळ. दोन वर्षांतनं एकदा यात्रेला यायची तेव्हा दिवसभर बोलतच राहायची. तिच्याकडं छत्री बसली त्या दिवशी तिनं दुकानाच्या फोनवरून फोन केला आणि बोलेचना. मागं सह्याद्रीच्या सातच्या बातम्यांचा आवाज येत होता. नंतर तर असं झालं की आटपाडीकडं पाऊस पडल्याची बातमी आम्हाला कोईमतूरहून कळायची, कारण भारनियमनात आमच्याकडं दिवसाचे दहा-बारा तास वीजच नसायची.

पावसाचं आणि छत्रीचं आणखी एक नातं आहे. दाट पावसानं उपग्रहाच्या लहरी अडतात, चित्राचे चौकोन होतात आणि टीव्ही जातो. शहरात माणसं तेव्हा वैतागून कंपनीला फोन लावतात. आमच्या दुष्काळी मुलखात गोष्ट उलटी. वळवाचा पाऊस आमच्याकडं बहुतेक पूर्वेच्या अंगानंच चढतो, आणि छत्र्यांचं तोंडही तिकडंच. टीव्ही गेला की आई उठून दारात येते, आग्नेयेकडं बघते आणि वाळवण उचलते. "जाऊ दे त्यो टीव्ही. पाऊस येतुया."

एचडी आलं ते भावाच्या पोराबरोबर. तो पुण्याला कंपनीत लागला आणि हप्त्यावर त्रेचाळीस इंची टीव्ही घेऊन आला. फ्री डिशचं चित्र त्यावर लावलं तर सगळी माणसं पसरट दिसायला लागली, खेळाडू बुटके आणि जाडे. मग त्यानं पैसे भरायची दुसरी डिश आणली, एचडीचा डबा घेतला. त्याच सुमाराला, २०१९ मध्ये, नवे नियम आले. १०० साध्या वाहिन्यांना १३० रुपये आणि वर कर, पैशाच्या वाहिन्यांचे दर वेगळे. त्यात एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी धरायची. पोरगं आज्जीला हे समजावून सांगत होतं. ती म्हणाली, "एस्टीत जाड्या माणसाचं दोन तिकीट काढल्यागत की रं."

वस्तीत एचडीबद्दल मतं वेगवेगळी. एक चुलते म्हणाले, "डाळिंबाचा भाव त्यात वाढून दिसतुय का? मग कशाला?" पोरांना मात्र क्रिकेटमध्ये चेंडूची शिवण दिसते याचं अप्रूप. आई दोन-तीन दिवस खुर्चीत बसून बघत राहिली. एका मालिकेत गरीब घरातली सून चुलीपुढं बसली होती. चित्र इतकं लख्ख की लुगड्याची इस्त्रीची घडी दिसत होती. आई म्हणाली, "चूल पेटलीया आन् पोरीच्या डोळ्याला पाणी न्हाई. हिनं कधी फुंकणी धरल्याली न्हाई." साध्या टीव्हीवर ते खपून गेलं असतं.

मग २०२० चा मार्च आला. सगळं बंद झालं. पोरगं पुण्याहून घरी आलेलं, आक्का कोईमतूरला अडकलेली. २८ मार्चपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा सुरू केलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. आईनं आंघोळ केली, मोठ्या टीव्हीपुढं खुर्ची ओढली. पोरगं कुरकुरलं, "आज्जी, जुनं शूटिंग आहे, एवढ्या मोठ्या स्क्रीनवर सगळं धूसर दिसतंय." तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. तेहतीस वर्षांपूर्वीचं चित्र ताणून मोठं केलेलं, कडा विरघळल्यासारख्या.

आई पुढं सरकून बघत होती. वनवासातला प्रसंग होता. बराच वेळानं म्हणाली, "ह्या अंगाला एवढी झाडं हुती व्हय? मला ठावंच नव्हतं." तिनं उजव्या हातानं पडद्याचा उजवा भाग दाखवला. कपाटाच्या आड गेलेला तो भाग. पोराला काही कळलं नाही. मला कळलं, आणि भावालाही. रात्री आक्काचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य तिचं तेच, "आये, आज सगळं दिसलं का गं?"

धूसर कशाला म्हणायचं आणि लख्ख कशाला, हे पडद्यावर किती ठिपके आहेत त्यावर ठरतंच. पण तुम्हाला कुठं उभं केलंय, त्यावर आधी ठरतं.

छत्र्यांनी काही नेलं नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या वस्तीतल्या बायका रात्री अंगणात वाकळा शिवत बसायच्या, ते गेलं. प्रत्येक घरात आपापली मालिका. ओढा ओलांडताना तुकडे जुळवून भाग पुरा करणं तर गेलंच. पण त्याची हळहळ करायचा हक्क त्या बायकांचा आहे, ओट्यावर बसून पुरा भाग बघणाऱ्यांचा नाही. आणि त्या बायकांना विचारलं तर त्यातली एकही परत खिडकीशी जायला तयार नाही.

आता छत्र्याही जुन्या व्हायला लागल्यात. पोरं सगळं मोबाइलवर बघतात. गंजलेल्या छत्र्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बसल्यात, एकीत कोंबडी अंडी उबवते. परवा पोरगं म्हणालं, वायफाय घेऊ, महिन्याला थोडे पैसे जातील, ही पत्र्यावरची फ्री डिश काढून टाकू, उगा वाऱ्यानं पत्रा वाजतो.

आई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं तू काय घ्यायचं ते घे. माझी छत्री ऱ्हाऊ दे. तिला एकदाच पैसं दिल्यात."