विषय कोणता घेऊ?

शिक्षकांना मे महिन्यात सुट्टी असते असा लोकांचा समज आहे. कोकणातल्या उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला विचारा. बारावीचा निकाल लागला की आमच्या दारात चपलांचा ढीग पडतो. आमची शाळा दहावीपर्यंतच आहे. पुढची दोन वर्षे मुले दुसरीकडे शिकतात, पण कॉलेजचा फॉर्म भरायची वेळ आली की परत आमच्याकडेच येतात. बरोबर कधी अम्मी असते, कधी मामू. प्रश्न एकच, “मॅडम, विषय कोणता घेऊ?”

हा प्रश्न घरातच का सुटत नाही, याचे उत्तर सच्चर समितीने 2006 साली देऊन ठेवले आहे. 2001 च्या जनगणनेनुसार देशात वीस वर्षांवरील लोकांत पदवीधर आणि पदविकाधारक मिळून सुमारे सात टक्के होते. मुसलमानांत चार टक्क्यांहूनही कमी. आता चित्र थोडे बदलले असेल, पण आमच्या दारात उभ्या असलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरात पदवीचा कागद अजून कुणी पाहिलेला नाही. अब्बा आखातात, भाऊ आखातात जायच्या तयारीत. मग सल्ला कुणाला विचारणार? बी.एड. झालेल्या आम्हाला!

आमच्या वेळी गोष्ट सोपी होती, किंवा सोपी वाटायची. मुंबई विद्यापीठ 1857 चे, कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरीचे. त्याचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, आणि रत्नागिरीला त्याचे उपकेंद्र. त्या पसाऱ्यातल्या एका छोट्या कॉलेजात आम्ही बी.ए. ला गेलो. एफ.वाय.ला सहा विषय: इंग्रजीचे कम्युनिकेशन स्किल, फाउंडेशन कोर्स, एक भाषा आणि तीन ऐच्छिक. टी.वाय.ला सहाही पेपर एकाच विषयाचे घ्या, नाहीतर तीन-तीन पेपरांचे दोन विषय घ्या. सत्र पद्धत आमच्यानंतर आली. बी.एड.सुद्धा तेव्हा एका वर्षात व्हायचे. इतिहास आणि उर्दू घेऊन आम्ही शिक्षक झालो, आणि आमच्या मागून येणाऱ्या प्रत्येक मुलीला तीच वाट राजरस्ता वाटू लागली.

आता प्रॉस्पेक्टस उघडले की शहाण्या माणसाचेही डोके गरगरते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही चार वर्षांच्या पदवीचा साचा आला. एक मेजर, एक मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतला ओपन इलेक्टिव्ह. त्याखेरीज कौशल्याचे, मूल्यांचे, भाषेचे आणि भारतीय ज्ञान प्रणालीचे वेगळे पेपर. एक वर्ष करून सोडले तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. तीन वर्षांना किमान 120 क्रेडिट, चार वर्षांना 160. कागदावर ही थाळी भरगच्च आहे. पण तालुक्याच्या कॉलेजात प्राध्यापक जितके, तितकेच पदार्थ पानात पडतात. रसायनशास्त्राच्या मुलीला अर्थशास्त्र मायनर हवे असेल आणि वेळापत्रकात दोन्ही तास एकाच वेळी असतील, तर धोरणाने काय करावे?

दुसरी एक बाब आम्हाला अधिक बोचते. एका वर्षाने बाहेर पडण्याची सोय गरीब मुलासाठी केलेली आहे, हे आम्ही समजतो. मध्येच शिक्षण सुटलेला पोरगा रिकाम्या हाताने जाऊ नये, हेतू चांगला आहे. पण आमच्या वस्तीत ही सोय मुलींच्या बाबतीत भलतीच वापरली जाते. “एका वर्षात सर्टिफिकेट मिळते ना? मग बस्स झाले, पुढचे सासरचे लोक बघतील.” हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे. पूर्वी बी.ए. अर्धवट सोडवताना बापाला थोडी शरम तरी वाटायची. आता त्याच्या हातात कागद असतो.

कॉमर्सवाल्यांची कथा निराळी. बी.कॉम.च्या जोडीला बी.ए.एफ., बी.एम.एस. अशी विनाअनुदानित नावे आली आणि फीचे आकडे फुगले. 2024 मध्ये बी.एम.एस., बी.बी.ए., बी.सी.ए. यांना राज्याची सीईटी लागू झाली, तेव्हा काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून घेतले. मुलगा आम्हाला विचारतो, “सर्टिफिकेटवर कोणते नाव येणार?” त्याचा अब्बा विचारतो, “दुबईत कोणते नाव चालते?” अब्बांचा प्रश्न आम्हाला जास्त व्यवहाराचा वाटतो.

पण खरी गाठ विज्ञानाची आहे, आणि ती बारावीनंतर बसत नाही, दहावीनंतर बसते. आमच्या वर्गात मुलगी त्रिकोणाला मुसल्लस म्हणते, कोनाला ज़ाविया, पेशीला ख़लिया, त्वरणाला इस्राअ. हे शब्द तिला नीट समजलेले असतात, नुसते पाठ नसतात. अकरावी सायन्सला गेली की जून महिन्यात एका रात्रीत सगळे इंग्रजी. मुसल्लस तोच, बाजू त्याच, पण फळ्यावर ट्रँगल लिहिलेले असते आणि ही वही बंद करून बसते. हुशार मुली दिवाळीपर्यंत सावरतात. बाकीच्या बारावीत कशाबशा पास होतात आणि पदवीला आर्ट्सकडे वळतात. इतिहास, उर्दू, मग बी.एड. आणि मग नोकरीची वाट पाहणे.

नोकरी का मिळत नाही? कारण आमच्या भागातल्या उर्दू शाळांत इतिहास आणि उर्दूच्या शिक्षकांची जागा निघाली की अर्जांचा गठ्ठा येतो, आणि गणित-विज्ञान उर्दूतून शिकवणारा मात्र शोधूनही सापडत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, असा निकाल दिला, तेव्हापासून आर्ट्स-बी.एड. मुलींची वाट आणखी अरुंद झाली. गणिताला शिक्षक नाही म्हणून मुली गणितात कच्च्या राहतात, कच्च्या राहतात म्हणून आर्ट्स घेतात, आर्ट्स घेतात म्हणून गणिताला शिक्षक मिळत नाही. रहाटगाडगे फिरतेच आहे, आणि त्यातले एक मडके आम्हीही आहोत.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आली, बारावी सायन्स, गुण अठ्ठावन्न टक्के. फार नाहीत. पण गणितात बाकीच्या विषयांहून चांगले, आणि ते कोणत्याही क्लासशिवाय. तिला बी.एस्सी. गणित करायचे होते. ते कॉलेज घरापासून एसटीने सव्वा तासावर. बी.ए. चे कॉलेज पायी दहा मिनिटांवर. तिसरा पर्याय तिच्या मामूंनी आणला होता: घरी बसून मौलाना आझाद विद्यापीठातून उर्दूतून बी.ए. या विद्यापीठाबद्दल आम्हाला आदर आहे. 1998 साली हैदराबादला ते उभे राहिले आणि दूरशिक्षणातून उर्दूवाल्यांच्या घरापर्यंत पदवी पोहोचली. लग्न झालेल्या, मुले असलेल्या किती बायकांनी त्याच्या जोरावर पदवी घेतली. पण ज्या मुलीला गणित येते आणि जिचे पाय चालू आहेत, तिने घरी का बसावे?

तिचे अब्बा कतारला. व्हिडिओ कॉल लावला. माणूस अदबीने बोलणारा. म्हणाले, “मॅडम, आप बुरा मत मानिए. तुमच्यावर आमचा पूर्ण भरवसा आहे. पण रोज अडीच तास एसटीत? पावसात दरड पडली तर पोरगी अडकणार कुठे? आणि एवढे करून मिळणार काय, बी.एस्सी. च ना? ती तर आता कुणीही होतो.”

दरडीचा मुद्दा खरा होता. कोकणातल्या माणसाला तो खोटा म्हणता येत नाही. बाकीच्याला आमच्याकडे हिशेब होता. आमच्या आसपास किती शाळांत गणिताची जागा रिकामी आहे, हे आम्ही त्यांना शाळांची नावे घेऊन सांगितले. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, हेही सांगितले. तिला पुढे कॉम्प्युटरकडे जायचे झाले तर जुलै 2024 च्या निर्णयाने आर्थिक दुर्बल आणि ओबीसी घरांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, फक्त दाखले वेळेवर काढा, म्हणालो. ते ऐकत राहिले. हो म्हणाले नाहीत.

हो म्हणाली ती दादी. कोपऱ्यात तसबीह घेऊन बसली होती, फोनकडे न बघताच बोलली, “माझा नातू बारा तासांच्या विमानाने जातो तर कुणाला भीती वाटत नाही. एसटीलाच का वाटते?” विमान बारा तासांचे नसते, चारेक तासांचे असते, पण दादीला हे सांगायची गरज कुणालाच भासली नाही. अब्बा हसले आणि म्हणाले, एक वर्ष बघू.

तेच ते एक वर्ष. सर्टिफिकेटवाले. आम्हाला धास्ती होती.

ते वर्ष गेले. पहिल्या सत्रात एका पेपरात एटीकेटी लागली, दुसऱ्या सत्रात सुटली. मेजर गणित, मायनर भौतिकशास्त्र, कारण त्या कॉलेजात दुसरे होतेच काय! ओपन इलेक्टिव्हला तिने हिशेबलेखन घेतले आणि आता गल्लीतल्या दोन दुकानांची जीएसटीची बिले लावून देते. मधे एकदा मंगनीची बोलणी निघाली. मुलगा चांगला होता, घर चांगले होते. ती आमच्याकडे आली, पण सल्ला मागायला नव्हे. म्हणाली, मी त्यांना कळवले आहे, तिसरे वर्ष पूर्ण झाल्यावर विचारा. मुलाकडच्यांनी अजून उत्तर दिलेले नाही. घरात त्यावरून ताण आहे. अब्बा गेल्या सुट्टीत आले तेव्हा शाळेत भेटायला आले नाहीत. यापूर्वी नेहमी यायचे.

आमच्या शाळेत या जूनलाही गणिताची जागा रिकामीच आहे. नववी आणि दहावीचे तास तासिका तत्त्वावर एक निवृत्त सर घेतात, गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून. शनिवारी कॉलेजला सुट्टी असली की ही मुलगी येते आणि त्यांच्या शेजारी उभी राहून फळ्यावर लिहिते. एका बाजूला मुसल्लस, दुसऱ्या बाजूला ट्रँगल. आठवीच्या मुलींनी परवा तिला विचारले, “बाजी, बारावीनंतर विषय कोणता घ्यायचा?” ती म्हणाली, “आधी हे गणित सोडवा.”