तिसरे ब्लँकेट

गेल्या नाताळाआधी प्रवचनात आम्ही भाविकांना काटकसरीचा उपदेश केला. मिस्सा संपल्यावर धर्मगुरुनिवासाची झाडलोट करणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "फादर, तुमच्याकडं तीन ब्लँकेटं हायेत. थंडी तर एकच हाये ना!" आम्ही निरुत्तर झालो. तिसरे ब्लँकेट आम्ही गरजेने नव्हे, सवलतीच्या मोहाने घेतले होते.

परभणी हा कापसाचा जिल्हा. इथला कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन चढ्या भावाने परत येतो. म्हणूनच आमच्या मायमाउल्या जुन्या लुगड्यांच्या घड्यांवर धावदोरा घालून गोधडी शिवतात. चिंधीही वाया जाऊ देत नाहीत. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात वापरून फेकण्याच्या वृत्तीविरुद्ध इशारा दिला. मावशींनी तो न वाचताच आचरला आहे.

आता आठवडी बाजारास निघताना आम्ही यादी आणि कापडी पिशवी घेतो. यादीबाहेरचे काही आवडले, तर पुढच्या बाजारापर्यंत थांबतो. तोवर बहुधा त्याची आठवणही उरत नाही. वाचलेले पैसे मात्र सर्वस्वी आमचे नव्हेत.

ते ब्लँकेट उसाच्या फडाजवळच्या एका कोपीत, तान्ह्या लेकरापाशी पोहोचले. देणारे आम्ही, पण देण्याची बुद्धी मावशींची.